गुडघ्याची दुखापत आणि नऊ महिन्यांची वाट

वार्षिक अहवालाच्या या पानांवर एखाद्या व्याधीचा अभ्यासपूर्ण परिचय करून देण्याचा आपल्या रुग्णालयाचा परिपाठ आहे. यंदा आम्ही व्याधीऐवजी दुखापत हा विषय घेतला आहे, आणि तीही एकाच सांध्याची. खेळाडूंच्या दुखापतींची यादी मोठी आहे. घोटा मुरगळतो, मांडीमागचा स्नायू ताणला जातो, खांदा निखळतो, लांब पल्ल्याच्या धावपटूच्या नडगीला बारीक चीर पडते. या साऱ्यांना एका लेखात न्याय देता येणार नाही. गुडघ्याची निवड आम्ही अशासाठी केली की दुखापत, आहार आणि भौतिकोपचार या तिन्ही गोष्टींची मूलतत्त्वे तेथे एकत्र पाहावयास मिळतात. शिवाय देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे आप्त या तिघांनाही ज्याचा विचार करणे भाग आहे असा एक प्रश्न तेथे उभा राहतो: शस्त्रक्रिया यशस्वी झाली, म्हणजे उपचार पूर्ण झाला काय?

कबड्डीचा खेळाडू चढाईवरून झटकन मागे फिरतो, किंवा पकडीतून सुटण्यासाठी पाय रोवून अंग वळवतो, आणि गुडघ्यात काहीतरी तुटल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू येतो. काही तासांतच सांधा सुजून टम्म होतो. खो-खोतील मुलगी खुंटाला वळसा घालताना, फुटबॉलपटू उडीवरून खाली येताना हेच वर्णन करतात. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना सांध्याच्या आत दोन अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, एकमेकांना फुलीसारखे छेदून बांधून ठेवतात. त्यांतील पुढचा अस्थिबंध नडगीला पुढे सरकू देत नाही आणि पाय वळताना सांध्याला आवर घालतो. वैद्यकीय भाषेत त्याला ए.सी.एल. म्हणतात. तो तुटण्यास कोणाचा धक्का लागावाच लागतो असे नाही. पाऊल जमिनीला खिळलेले, गुडघा किंचित आत झुकलेला आणि वरचे शरीर वळलेले, एवढ्या एका क्षणाचा मेळ पुरेसा असतो. मातीवर पाऊल थोडे सरकते व ताण निघून जातो. मॅटवर बुटाचा तळ घट्ट धरून राहतो. आज गावोगावच्या स्पर्धाही मॅटवर होऊ लागल्या आहेत, हे प्रशिक्षकांनी ध्यानात घ्यावे.

यानंतर घरी जे घडते ते आम्हाला रुग्णांच्या सांगण्यावरून पाठ झाले आहे. आंबेहळदीचा लेप लागतो, तो निरुपद्रवी आहे. मात्र पहिल्या दोन-तीन दिवसांत गरम शेक आणि मालिश केल्यास आतला रक्तस्राव व सूज वाढते, आणि कोणी जाणता म्हणून ओढून गुडघा वाकवू लागला तर शाबूत भागासही इजा होते. पाय उंचावर ठेवावा, इलॅस्टिक पट्टी बांधावी, वेदना कमी करण्यासाठी कापडातून बर्फ लावावा. बर्फाविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे हे चतुःसूत्र अमेरिकेतील डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ साली मांडले आणि ते जगभर रूढ झाले. पुढे २०१४ मध्ये त्यांनी स्वतःच लिहिले की बर्फ व संपूर्ण विश्रांती यांमुळे भरून येण्याची क्रिया लांबू शकते. दुखापतीनंतरचा दाह हा शरीराच्या दुरुस्तीचाच पहिला टप्पा आहे. म्हणून बर्फ वेदनेपुरता थोडा वेळ लावावा, तासन्‌तास नव्हे.

दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, मुलगा सरळ चालू लागतो आणि घरचे निर्धास्त होतात. खरा धोका येथे सुरू होतो. अस्थिबंध तुटलेलाच असतो. सरळ चालण्यास त्याची फारशी गरज नसते, वळण्यास असते. मुलगा पुन्हा मैदानात उतरतो, गुडघा दगा देतो, आणि अशा प्रत्येक वेळी दोन हाडांमधील गादी व हाडांवरील गुळगुळीत कूर्चा थोडीथोडी फाटत व झिजत जाते. वर्षभर असे खेळून आलेल्या विशीतल्या मुलाच्या सांध्यात आम्हाला उतारवयातल्यासारखी झीज दिसते. ती भरून काढण्याचे साधन आजच्या वैद्यकाजवळ फार थोडे आहे.

मग प्रत्येकाची शस्त्रक्रिया करावी काय? अनेक नातेवाईकांची तशी समजूत असते, आणि एम.आर.आय.चा अहवाल हाती येताच ते तारीख मागतात. या संदर्भात स्वीडनमध्ये झालेला एक अभ्यास आम्हाला मार्गदर्शक वाटतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १२१ तरुण, क्रियाशील रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करण्यात आली. एका गटावर लवकर शस्त्रक्रिया करून व्यायाम दिला. दुसऱ्याला आधी केवळ व्यायाम देऊन, गरज भासल्यास पुढे शस्त्रक्रियेची मुभा ठेवली. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांच्या गुडघ्यांच्या स्थितीत लक्षणीय फरक आढळला नाही, आणि दुसऱ्या गटातील सुमारे साठ टक्के लोकांना तोवर शस्त्रक्रिया लागलीच नव्हती. अर्थात ज्याला कबड्डी, कुस्ती, फुटबॉल यांसारखा वळणावळणाचा खेळ पुन्हा खेळायचा आहे, ज्याचा गुडघा व्यायामानंतरही दगा देतो, किंवा ज्याची गादीही फाटली आहे, त्याला शस्त्रक्रियेचा सल्ला आम्ही देतो. परंतु दोन्ही मार्गांवर व्यायाम समान आहे, हे या अभ्यासाचे सार विसरता येणार नाही.

शस्त्रक्रियेत तुटलेला अस्थिबंध सहसा शिवला जात नाही. रुग्णाच्याच मांडीमागील किंवा गुडघ्याच्या वाटीखालील स्नायुबंधाचा एक पट्टा घेऊन तो दुर्बिणीच्या साहाय्याने त्या जागी बसवतात. हा पट्टा बसवतेवेळी बळकट असतो. मात्र त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असल्याने पहिल्या काही महिन्यांत तो उलट दुबळा होतो. नंतर त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, तंतूंची नव्याने रचना होते आणि हे काम वर्षभर, कधी त्याहून अधिक चालते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात रुग्णाला वेदना नसते, जिना सहज चढता येतो, पाय आपलासा वाटू लागतो. नेमका तेव्हाच आतला पट्टा भरवशाचा नसतो. रुग्णाची भावना आणि ऊतींची स्थिती यांतील ही तफावत हेच क्रीडोपचारातील सर्वांत अवघड प्रकरण आहे, असे आमचे मत आहे.

स्नायू आणि ताट

दरम्यान मांडीचा स्नायू झपाट्याने वाळतो. हॉलंडमधील मास्ट्रिख्त येथील संशोधकांनी २०१४ मध्ये निरोगी तरुणांचा एक पाय प्लास्टरमध्ये ठेवून मोजमाप केले. पाच दिवसांत मांडीच्या पुढच्या स्नायूची जाडी साडेतीन टक्क्यांनी, तर चौदा दिवसांत आठ टक्क्यांहून अधिक घटली, आणि त्या चौदा दिवसांत ताकद जवळजवळ पाव हिश्श्याने उतरली. हे दुखापत नसलेल्या पायाचे! म्हणून शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या भौतिकोपचार विभागातील ताई खाटेजवळ येऊन मांडी आवळायला लावतात, तेव्हा आईवडिलांनी ‘जरा निजू द्या त्याला’ असे म्हणू नये.

आहाराविषयीही एक गैरसमज घरोघर आढळतो. खेळ बंद आहे तर खुराक कशाला, या हिशेबाने मुलाचे दूध-अंडी कमी केली जातात. वास्तविक जखम भरणे आणि स्नायू राखणे यांसाठी प्रथिनांची गरज या काळात वाढलेली असते. खेळाडूंनी शरीराच्या दर किलो वजनामागे रोज १.२ ते २ ग्रॅम प्रथिने घ्यावीत अशी अमेरिका व कॅनडातील आहारतज्ज्ञांच्या संस्थांची २०१६ मधील शिफारस आहे. साठ किलोच्या मुलाला म्हणजे ७२ ते १२० ग्रॅम. हे आकडे ऐकून पालक महागड्या डब्यांकडे वळतात. आम्ही त्यांना स्वयंपाकघरातच हिशेब करून दाखवतो. तीन अंडी १८ ग्रॅम, अर्धा लिटर दूध १६, मूठ-दीड मूठ शेंगदाणे १२, वाटीभर डाळ आणि तेवढीच मोड आलेली कडधान्ये मिळून २० ते २२, आणि दिवसभरातील ज्वारी-गव्हाच्या भाकरी-पोळ्यांतून २५ ते ३०. शंभराच्या घरात आकडा सहज जातो. अंडी न खाणाऱ्यांनी पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्या घेतल्या तर त्यांतून २५ ग्रॅम मिळतात. अडचण असते ती वाटणीची. सकाळी चहा-पोहे, दुपारी भाजी-भाकरी आणि सारा खुराक रात्रीच्या एका जेवणात, असा आपला रिवाज आहे. स्नायूंना तो तीन-चार वेळा विभागून मिळाला तर अधिक उपयोगी पडतो. जिममध्ये कोणी हाती दिलेल्या भुकटीत काय मिसळले आहे हे कळत नाही, आणि उत्तेजक चाचणीत दोष आढळल्यास जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते, हेही येथे नमूद करणे अवश्य आहे.

वजनी गटाच्या खेळांत उपासमारीचा प्रश्न वेगळ्या रूपाने येतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट या पन्नास किलो गटाच्या अंतिम फेरीपूर्वी केवळ शंभर ग्रॅम वजन अधिक भरल्याने अपात्र ठरल्या, हे सर्वांना स्मरत असेल. त्याच विनेश यांच्या गुडघ्याला २०१६ मध्ये रिओ येथे जबर दुखापत झाली होती, त्यानंतर २०१८ मध्ये जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये दुसऱ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया मुंबईत करून घेतली. असे पुनरागमन विरळा. आपल्याकडे किशोर व कुमार गटांतील कबड्डीतही वजनमर्यादा असते आणि वाढीच्या वयातील मुले वजनाच्या आदल्या दिवशी पाणीही तोडतात. मुलींमध्ये दीर्घकाळ अपुरा आहार राहिला तर पाळी अनियमित होते, हाडे ठिसूळ होतात व बारीक चिरा पडू लागतात. पाळी थांबणे हे चांगल्या सरावाचे लक्षण मानणारे प्रशिक्षक अजूनही भेटतात. त्यांना आमचे सांगणे आहे की त्या मुलीला तत्काळ तपासणीस आणावे.

तारीख नव्हे, कसोटी

‘केव्हा खेळू शकेल?’ हा प्रश्न आम्हाला टाके काढण्याआधीच विचारला जातो. नॉर्वे व अमेरिकेतील १०६ रुग्णांच्या एका संयुक्त अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. ठरवून दिलेल्या कसोट्या पार न करता मैदानात परतलेल्यांपैकी ३८ टक्के खेळाडूंचा गुडघा पुन्हा दुखावला; पार करून परतलेल्यांपैकी साडेपाच टक्क्यांच्या आसपास. नऊ महिन्यांपर्यंत परतण्यास जो जो एकेक महिना विलंब केला, त्यामागे पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण निम्म्याने उतरले. कसोट्या सोप्या भाषेत अशा: दुखऱ्या पायाची मांडीची ताकद चांगल्या पायाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत यावी, एका पायावरच्या लंगडीच्या उड्यांचे अंतरही तितकेच भरावे, आणि स्वतः खेळाडूला गुडघ्याचा विश्वास वाटावा. त्यासाठी मोजपट्टी, थोडी मोकळी जागा आणि ताकद मोजण्याचे यंत्र एवढेच लागते.

तरीही मुले लवकर परततात, आणि त्यांना दोष देऊन आम्ही मोकळे होऊ शकत नाही. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावावे लागते. निवड चाचणी हुकली की वर्ष हुकते, वयाची मर्यादा जवळ येते. शेतमजुराच्या घरातील मुलाला नऊ महिने थांब म्हणणे म्हणजे काय मागणे आहे, याची आम्हाला जाणीव आहे.

म्हणूनच दात्यांपुढे व विश्वस्तांपुढे एक विचार ठेवतो. शस्त्रक्रियेसाठी मदत मागितली तर ती मिळते. त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. पण तालुक्याच्या पलीकडील गावातून आठवड्यातून दोनदा येण्याचे एस.टी.चे भाडे, त्या दिवसाची बुडालेली मजुरी, रोजची तीन अंडी आणि अर्धा लिटर दूध यांसाठी कोणी पावती फाडत नाही. या किरकोळ रकमांअभावी दुसऱ्या महिन्यापासून रुग्ण येईनासा होतो, आणि हजारो रुपयांची शस्त्रक्रिया वाळलेल्या मांडीवर उभी राहते. शस्त्रक्रियेच्या प्रत्येक साहाय्यातच नऊ महिन्यांच्या भौतिकोपचाराचा खर्च धरावा, अशी आमची विनंती आहे.

आणि ज्याला खर्चच नाही असा भाग शाळांच्या हाती आहे. स्वीडनमध्ये १२ ते १७ वर्षांच्या ४,५६४ फुटबॉलपटू मुलींवर झालेल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटे ठरावीक व्यायाम करणाऱ्या गटात या अस्थिबंधाच्या दुखापती ६४ टक्क्यांनी कमी आढळल्या. व्यायाम सहाच होते: एका पायावर अर्धी बैठक, दोन पायांवर बैठक, उताणे निजून कंबर उचलणे, कोपरांवर शरीर तोलून धरणे, एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणे, आणि उडी मारून अलगद उतरणे. क्रीडाशिक्षकांनी ते सरावाच्या आरंभी घ्यावेत. उडीवरून उतरताना मुलांचे गुडघे आत झुकतात की पायाच्या बोटांच्या रेषेत राहतात, हे समोर उभे राहून पाहावे. आत झुकत असतील तर पुन्हा, सावकाश उतरावयास सांगावे.