प्रॅक्टिकलच्या नावाखाली

हे प्रमाणपत्र दिव्यांगांच्या शाळेत किंवा पुनर्वसन केंद्रात चालतं का, असं मी प्रवेश घेण्याआधी सरांना विचारलं होतं. तेही तोंडी नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर. ‘सरकारमान्य आहे मॅडम, ऑल इंडिया चालतं,’ हे त्यांचं उत्तर अजून माझ्या फोनमध्ये आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण हल्ली भेटेल तो मला ‘आधी नीट चौकशी करायची ना!’ असं ऐकवून जातो. चौकशी केली होती. समोरचा धडधडीत खोटं बोलला, त्याचं खापर माझ्या डोक्यावर कशाला?

दिव्यांग माणसाला सांभाळण्याचं काम मला नवं नव्हतं. दादाचं सगळं शेवटपर्यंत मीच केलं. पण घरी केलेल्या कामाला बाहेर कोणी विचारत नाही, तिथे कागद लागतो. म्हणून पुण्यात राहून ‘दिव्यांग सहायक’ असा सहा महिन्यांचा कोर्स धरला. संस्थेचं नाव लिहीत नाही. प्रकरण ग्राहक आयोगात आहे आणि वकिलांनी जिभेला लगाम घालायला सांगितलंय.

शिकवलं काय, तर बीपी, टेंपरेचर, बेडपॅन, चादरीचे कोपरे. वॉर्डात काम करणाऱ्याला हे सगळं लागतंच, नावं ठेवत नाही. पण दिव्यांगत्वावर म्हणून ज्या झेरॉक्स नोट्स दिल्या, त्यात दिव्यांगत्वाचे प्रकार ७ होते. ते १९९५ च्या जुन्या कायद्यातले. २०१६ च्या कायद्याने ते २१ केले, त्यात स्वमग्नता आली, थॅलेसेमिया आला, अ‍ॅसिडहल्ल्यात पोळलेल्या व्यक्ती आल्या. मी वर्गात हे बोलले तर मॅडम म्हणाल्या, ‘परीक्षेत सातच लिहा, नाहीतर मार्क जातील.’ तुम्ही कुठल्या क्लासची चौकशी करायला गेलात तर एवढा एकच प्रश्न विचारून बघा. उत्तर सात आलं की चप्पल घालून बाहेर पडा.

मग प्रॅक्टिकल सुरू झालं. मला सिंहगड रोडवरच्या एका घरी पाठवलं. पंचविशीतला मुलगा, बाइकच्या अपघातात मानेच्या मणक्याला मार बसलेला. बोटं वळत नव्हती, पण पेरांनी फोन सफाईने चालवायचा. रोज सकाळी आठ ते रात्री आठ. शिकवायला, तपासायला क्लासकडून कोणी म्हणजे कोणीही आलं नाही. शिकवलं ते त्यानेच. ‘ताई, आधी ब्रेक लावा. आता फूटरेस्ट वर करा. काखेत हात घालून ओढू नका, खांदा उतरेल.’ पट्टा कमरेला कसा बांधायचा, त्याचं वजन माझ्या पाठीवर न घेता गुडघ्यांवर कसं घ्यायचं, हे त्यानेच एकेक करून सांगितलं. व्हीलचेअरवर बसल्यावर ठरावीक वेळाने पुढे झुकवून बुडावरचा भार हलका करायचा, रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर जखमा होतात आणि त्या महिनोन्‌महिने भरत नाहीत, हेही त्याच्याकडूनच कळलं.

एका दुपारी त्याचा चेहरा एकदम लालबुंद झाला. कपाळावर घामाचे थेंब, डोकं फुटेल असं दुखतंय म्हणाला. क्लासच्या शिकवणीप्रमाणे मी त्याला आडवं करायला निघाले. तो ओरडला, ‘झोपवू नका! बसतं ठेवा, लघवीचा पाइप बघा!’ पाइप मांडीखाली दुमडला होता. तो सरळ केला, पिशवीत लघवी उतरली आणि हळूहळू चेहऱ्याचा रंग पालटला. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा झालेल्या माणसाचं मूत्राशय तुंबलं की रक्तदाब भयानक चढतो, झटकासुद्धा येऊ शकतो. आडवं केलं तर तो आणखी वाढतो. पाइप मोकळा करूनही उतरला नाही तर थांबायचं नाही, थेट दवाखाना. मणक्याच्या रुग्णाकडे जाणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगायची ही गोष्ट. आमच्या नोट्समध्ये तिच्यावर एक ओळ नव्हती.

त्या संध्याकाळी त्याच्या आईने चहा दिला, मी म्हटलं, ‘काकू, मला अजून शिकायचंय, सांभाळून घ्या.’ काकू म्हणाल्या, ‘शिकायचंय? तुम्ही ट्रेन्ड आहात ना?’ मी विद्यार्थी आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आणि मग तो मुलगा फोनमधला हिशेब दाखवत म्हणाला, ‘ताई, रोजचे ९०० रुपये जातात तुमच्या सरांना. तुम्हाला किती देतात?’

मला शून्य. उलट फी मीच भरलेली. महिन्यांमागून महिने माझी बारा-बारा तासांची मजुरी विकली जात होती आणि त्या घराला ‘प्रशिक्षित’ म्हणून कच्ची मुलगी दिली जात होती. त्या दुपारी त्याला स्वतःला ते माहीत नसतं तर?

सरांकडे गेले. माणूस हसत होता. खरंच हसत होता. ‘अनुभव फुकटात मिळतोय, मॅडम. दुसरीकडे प्रॅक्टिकलचे वेगळे पैसे मोजावे लागतात.’ मग दिव्यांगांच्या शाळेत विचारलं तेव्हा तिथल्या बाईंनी प्रमाणपत्राचा नमुना हातात घेतला, मागून-पुढून पाहिला आणि म्हणाल्या, ‘यावर पुनर्वास परिषदेचं काहीच नाही.’ प्रमाणपत्रावर होतं काय, तर उद्यम नोंदणीचा क्रमांक, सोसायटी कायदा १८६० खालचा नोंदणी क्रमांक आणि आयएसओ ९००१. यातल्या एकाचाही कोर्सशी संबंध नाही. उद्या वडापावच्या गाडीलाही उद्यम नोंदणी मिळते.

आता कामाचं बोलते. दिव्यांगांच्या पुनर्वसनातले अभ्यासक्रम ठरवणारी आणि मंजूर करणारी संस्था म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद, १९९२ च्या कायद्याखाली चालणारी. लोक ‘आरसीआय’ म्हणतात. तिच्या संकेतस्थळावर राज्यवार मंजूर संस्था असतात. नुसतं संस्थेचं नाव पाहून हुरळू नका. कोणता कोर्स मंजूर आहे आणि मंजुरी कोणत्या वर्षापर्यंत आहे, ते दोन्ही बघा. विशेष शिक्षणाची पदविका मंजूर असलेली संस्था त्याच फलकाखाली भलताच कोर्स विकू शकते. याच परिषदेने २०२१ मध्ये मेलबर्न विद्यापीठाबरोबर सहा महिन्यांचा एक कोर्स काढला, तो पास होणाऱ्याला ‘दिव्यांग मित्र’ म्हणतात. सध्या तो कुठे चालतो, ते विचारा. मुंबईत असाल तर वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. तिथे जाऊन समोरासमोर विचारायला पैसे पडत नाहीत. जनरल ड्यूटी असिस्टंटचा कोर्स वेगळा. तो आरोग्य क्षेत्र कौशल्य परिषदेचा, दवाखान्यासाठी चांगला, पण तो केला म्हणून सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला भरवता येतं असं नाही. अशा मुलाची मान मागे टाकून वरून चमचा ओतणारे मी पाहिलेत. मान किंचित पुढे, आपण समोर त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर, घास छोटा, गिळल्याशिवाय दुसरा नाही.

मूळ कागदपत्रं कोणालाही देऊ नका. माझी बारावीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला त्यांनी ‘व्हेरिफिकेशन’साठी ठेवून घेतला होता आणि मग तोच दोर माझ्या गळ्यात. पावती घ्या, आणि पावतीवर ‘फी’ लिहिलंय की ‘देणगी’ ते तिथेच उभं राहून वाचा. माझ्या पावतीवर देणगी होती. परतावा मागितला तर म्हणे देणगी परत मागतात का? प्रॅक्टिकलला ज्या घरी जाल तिथे पहिल्याच दिवशी विचारा, क्लासला काय देता? लाजू नका. आणि आपण विद्यार्थी आहोत हेही सांगा, तो त्यांचा हक्क आहे. बाकी फी एकदम भरू नये, जुन्या विद्यार्थ्यांशी बोलावं, हे तुम्हाला कोणीही सांगेल. मी जुन्या विद्यार्थिनीशी बोलले होते. ती त्यांचीच रिसेप्शनिस्ट निघाली.

तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. क्लासला भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात अर्जाला शुल्क लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज पुसू नका, फोन बदलताना तर अजिबात नाही.

कागदपत्रं मिळाली, पोलीस चौकीत अर्ज दिल्यावर. फी अजून नाही. त्या मुलाच्या घरी मी आता थेट काम करते, पैसे काकू माझ्या खात्यात टाकतात. आणि क्लासच्या नव्या जाहिरातीत अ‍ॅप्रन घातलेला माझाच फोटो आहे, ‘आमची यशस्वी विद्यार्थिनी’ म्हणून. तो काढण्याची नोटीस गेल्या आठवड्यात पोस्टाने पाठवलीय.