शेवटचे सात किलोमीटर



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ८, श्लोक ५ ते ८

आठव्या अध्यायाच्या सुरुवातीला अर्जुन एकापाठोपाठ सात प्रश्न विचारतो. पहिले सहा ब्रह्म, अध्यात्म, कर्म अशा मोठमोठ्या शब्दांचे आहेत. सातवा मात्र तुमच्या-माझ्या घरातला आहे : शेवटच्या घडीला, देवा, तुला ओळखायचं कसं?

भगवंतांच्या उत्तराचा आशय असा. देह सोडताना मनात जो भाव असतो, त्यालाच माणूस जाऊन मिळतो. आणि तो भाव त्याच्यात सदैव मुरलेला असतो. पुढचा श्लोक 'म्हणून' या शब्दाने सुरू होतो. म्हणून सर्व काळ माझं स्मरण ठेव आणि आपलं युद्ध कर.

प्रश्न शेवटच्या घडीचा होता, उत्तर मात्र आजच्या दिवसाचं मिळालं. असं का? हे मला मॅरेथॉनच्या तयारीत जास्त नीट समजलं, म्हणून आज तेच उदाहरण घेतो.

मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली आणि साधारणपणे जानेवारीत होते. पूर्ण अंतर ४२.१९५ किमी. मार्गात पेडर रोडचा चढ येतो. जाताना तो फारसा जाणवत नाही, कारण पाय ताजे असतात आणि पहाटेचा गारवा असतो. परतताना हाजी अलीपाशी पोचेपर्यंत साधारण ३५ किमी झालेले असतात, ऊन वर आलेलं असतं आणि तोच चढ पुन्हा समोर येतो. तो संपला की उतार, मग चौपाटी आणि मरीन ड्राइव्ह. एकूण उरलेले असतात सातेक किलोमीटर, पण खरी परीक्षा तिथेच होते.

यामागे शरीराचं साधं गणित आहे. स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपात साखर साठवलेली असते. बऱ्याच जणांचा हा साठा ३० किमीच्या आसपास संपत येतो. चरबी भरपूर असते, पण तिच्यापासून ऊर्जा हळू मिळते. पाय जड होतात, डोकं 'थांब' म्हणायला लागतं. धावणारे याला 'वॉल लागणं' म्हणतात. त्या क्षणी निश्चय करून साखर तयार होत नाही. जे आधी साठवलं, जे आधी सरावात केलं, तेच कामाला येतं.

म्हणून शेवटच्या टप्प्याची तयारी कितीतरी आठवडे आधी सुरू होते :

१. लांब पल्ल्याची धाव हळूहळू वाढवत २८ ते ३२ किमीपर्यंत न्यायची आणि अधूनमधून तिचा शेवट चढावर करायचा. सावंतवाडीत आमची सोय चांगली आहे. मोती तलावाभोवती सपाटीवर पाय मोकळे करायचे, दाणोलीच्या रस्त्याला लागायचं, साटम महाराजांच्या समाधीला नमस्कार करायचा आणि दमलेल्या पायांनी आंबोली घाटाचा थोडा चढ घ्यायचा. दमल्यावर चढ कसा लागतो, हे पायांना आधीच माहीत झालं पाहिजे.

२. भूक लागायची वाट न बघता पहिल्या तासापासून थोडं थोडं खायचं. तासाला साधारण ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जावीत. केळं असो, खजूर असो वा जेल, स्पर्धेत जे खायचं तेच सरावात खाऊन पोटाला सवय लावायची.

३. पहिले १० किमी जाणूनबुजून हळू. सुरुवातीचा उत्साह शेवटी व्याजासकट वसूल होतो.

४. शेवटचे दोन-तीन आठवडे अंतर कमी करायचं, विश्रांती घ्यायची. तेव्हा घाईने जास्त धावून काही हाती लागत नाही.

आता पुन्हा श्लोकाकडे. 'शेवटी नाव घेतलं की झालं' असा अर्थ काढून म्हातारपणाची वाट बघणारे आपण बरेच जण आहोत. आपल्या भाषेत सांगायचं तर आयुष्यभर टेस्टिंग नाही आणि रिलीजच्या रात्री सगळं नीट चालावं ही अपेक्षा. तसं होत नाही. दबाव आला की मन सवयीच्या वाटेनेच पळतं. गीतेतला 'म्हणून' तेच सांगतो, आणि पुढच्याच श्लोकात अभ्यास हा शब्द येतो.

पण या श्लोकाची एक भीतीही असते. माझ्या आजीची स्मृती गेली दोन वर्षं ओसरत चालली आहे. मला ती बाबांच्या नावाने हाक मारते. जिने तांदूळ निवडताना, सोलं वाळवताना उभा जन्म नामस्मरण केलं, तिला आता कधी कधी देवघर कुठे आहे तेही आठवत नाही. परवा आत्या रडत म्हणाली, "शेवटच्या क्षणी तिच्या तोंडात देवाचं नाव आलंच नाही तर रे?"

मी आत्याला हेच श्लोक वाचून दाखवले. भगवंत फक्त शेवटचा क्षण बोलून थांबले असते, तर ही भीती खरी होती. पण त्यांनी 'सर्व काळ' म्हटलं. आजीचा सर्व काळ तर घडून गेलाय. तो कुठे पुसला जाणार? इथे मॅरेथॉनचं उदाहरण अपुरं पडतं. तिथे घड्याळ फक्त रेषा ओलांडलेल्यांची नोंद ठेवतं. देव रेषेपाशी घड्याळ धरून उभा नाही. तो पहिल्या पावलापासून सोबत धावतोय, अशी माझी समजूत आहे. तिन्हीसांजेला दिवा लावला की आजीचे हात काही दिवस आपोआप जुळतात, काही दिवस नाही जुळत. जुळत नाहीत त्या दिवशी आत्या तिच्याजवळ बसून नाम घेते. दमलेल्याच्या बाजूने कोणीतरी धावावं, तसं.

आजचा अभ्यास : दिवसातलं एक रटाळ काम निवडा. लोकल, ट्रॅफिक, बिल्ड पूर्ण होण्याची वाट, भांडी, काहीही. ते काम आणि नाम यांची जोडी लावा आणि २१ दिवस सोडू नका. आणि घरात कोणी शेवटच्या टप्प्यात दमलं असेल, तर आज पाच मिनिटं त्यांच्याजवळ बसून त्यांच्या वतीने नाम घ्या.

देवा, पाय ताजे आहेत तोवर तुझी सवय लागू दे. आणि पाय थकतील तेव्हा सोबत कोणीतरी असू दे.

राम कृष्ण हरी!