हट्टी गाडी आणि दोन मार्ग

गेल्या दिवाळीच्या सुटीपूर्वीं आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील मला भेटावयास आले. मुलगा दहावींत. संध्याकाळचे दोन दोन तास तो संगणकासमोर स्टिअरिंगचें चाक धरून मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळतो. बरें, खेळून जिंकतो म्हणावें, तर गाडी भिंतीवर नेऊन आदळतो! परीक्षेच्या वर्षीं हें चाक विकून टाकावें कीं काय, असा त्यांचा प्रश्न होता. उत्तर देण्यापूर्वीं मीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली व दोन संध्याकाळीं त्यांच्या घरीं जाऊन मुलाशेजारीं बसलों. तेथें जें पाहिलें, तें इतर विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांसही उपयोगी वाटेल, म्हणून येथें देत आहें.

खेळाचें नांव 'ग्रां प्री लेजेंड्स'. अमेरिकेंतील पॅपिरस नांवाच्या संस्थेनें तो १९९८ सालीं तयार केला. जुन्या संगणकावरही तो चालतो, म्हणूनच या घरांत त्याचा प्रवेश झाला. त्यांत १९६७ सालच्या खऱ्या शर्यतींच्या गाड्या व खरे मार्ग मोठ्या काळजीनें उतरविले आहेत. आमच्या विद्यार्थ्यानें निवडलेली गाडी लोटस ४९. कॉलिन चॅपमन व मॉरिस फिलिप यांनीं ती रचली, आणि ४ जून १९६७ रोजीं हॉलंडमधील झांडव्हूर्ट येथें जिम क्लार्क यानें तिला पहिल्याच शर्यतींत विजय मिळवून दिला. वजन सुमारें ५०० किलो व इंजिनाचें बळ सुमारें ४०० अश्वशक्ति. त्यांत त्या इंजिनाचा स्वभाव असा, कीं मिनिटाला सुमारें ६,५०० फेरे होईपर्यंत तें शांत असे व त्यानंतर त्याची शक्ति एकदम उसळून येई. गाडीस रस्त्यावर दाबून धरणारे पंखही त्या वर्षीं नव्हते. ते १९६८ पासून दिसूं लागले. अशी गाडी हट्टी असावयाचीच.

"मोंझाला नीट चालते, सर, पण मोनॅकोला वळतच नाहीं. गाडीच वाईट आहे," असें मुलाचें म्हणणें पडलें. मीं विचारलें, गाडीची जुळणी कोणती ठेवली आहेस? तेव्हां कळलें, कीं कोणा निष्णात खेळाडूनें मोंझासाठीं ठरविलेले आंकडे त्यानें जसेच्या तसे उतरून घेतले होते व तेच तो दोन्ही मार्गांवर वापरीत होता.

हे दोन मार्ग म्हणजे दोन टोकें. इटलींतील मोंझा १९६७ सालीं ५.७५ किलोमीटरचा होता. लांब सरळ पट्टे आणि मोठीं, वेगवान वळणें. मोनॅको ३.१४५ किलोमीटरचा, घरें व बंदर यांच्यामधून वांकडातिकडा जाणारा नगरांतील रस्ता. एके ठिकाणीं तर जवळजवळ आल्या दिशेसच परत फिरावें लागे. (लोटस ४९ त्या वर्षीं मोनॅकोला धांवलीच नव्हती, ती पुढें झांडव्हूर्टला प्रथम उतरली, पण खेळांत तशी मुभा आहे.)

प्रथम दंतचक्रांचें गणित घ्या. सातवीच्या मुलासही तें करतां येईल. चाकाचा घेर दोन मीटर धरा व इंजिनाचे फेरे मिनिटाला ९,००० धरा. वरच्या गिअरमध्यें इंजिनाच्या पावणेचार फेऱ्यांस चाकाचा एक फेरा होत असेल, तर चाक मिनिटाला २,४०० वेळां फिरेल, गाडी ४,८०० मीटर जाईल, म्हणजे तासाला २८८ किलोमीटर. मोंझाला हें ठीक. मोनॅकोला इतका वेग येण्याइतका सरळ रस्ताच नाहीं. मग वरचा गिअर जवळजवळ फुकट जातो. तेथें पांच फेऱ्यांस एक असें प्रमाण ठेवा: चाकाचे फेरे १,८००, वेग २१६ किलोमीटर, आणि त्या मोबदल्यांत वळणांतून बाहेर पडतांना ओढ अधिक. एकीकडे मिळवावयाचें तें दुसरीकडे द्यावें लागतें.

गिअर बदलले, तरी गाडी वळेना. येथें मदतीस आले ते मुलाचे आजोबा. तरुणपणीं ते आमच्या भागांतील शंकरपटांत छकडा हांकीत असत. बाजेवर बसल्या बसल्या ते म्हणाले, "मागं भार झाला त गाडी उलार होते, पुढं झाला त बैलाच्या मानेवर येते. तुही गाडी काय वेगळी हाय?" मास्तरांनीं अर्धा तास फळ्यावर लिहून जें सांगितलें असतें, तें त्यांनीं एका वाक्यांत सांगितलें! धानाचीं पोतीं आपण हातानें पुढें मागें सरकवितों. मोटारींत भार आपोआप सरकतो, इतकाच फरक. ब्रेक दाबला कीं तो पुढच्या चाकांवर येतो, वेग दिला कीं मागच्या, वळलें कीं बाहेरच्या. ज्या चाकावर भार येईल त्याची रस्त्यावरील पकड वाढते. जें हलकें होईल तें घसरूं पाहतें. म्हणूनच ऐन वळणांत पाय एकदम उचलला, तर भार पुढें जातो, मागचीं चाकें हलकीं होतात, आणि गाडीचें शेपूट फिरतें.

हें फिरणें आवरण्याची एक युक्ति मागच्या आंसांत असते. वळणावर बाहेरच्या चाकास आंतल्यापेक्षां अधिक अंतर कापावें लागतें, म्हणून दोहोंना वेगवेगळें फिरूं देणारीं दंतचक्रें तेथें बसवितात. शर्यतीच्या गाडींत या मोकळीकीस थोडी अटक घालतां येते. पाय उचलल्यावर अटक घट्ट असेल, तर दोन्ही चाकें बांधल्यासारखीं एकत्र फिरतात, शेपूट स्थिर राहतें. परंतु बांधलेलीं चाकें सरळच जाऊं पाहतात. मोंझाच्या दीर्घ वळणांत ही घट्ट अटक आधार वाटते. मोनॅकोच्या अरुंद वळणांत तीच गाडीचें नाक वळूं देत नाहीं. आमच्या विद्यार्थ्याची भिंत ती हीच!

हें ध्यानांत येतांच त्यानें काय केलें? अटक सैल केली, मागच्या स्प्रिंगा बदलल्या, पुढचा आडवा दांडा नरम केला, टायरांतील हवा कमी केली आणि ब्रेकचा जोर मागें नेला, सर्व एकदम. गाडी पहिल्याच वळणावर गरगर फिरली. आतां दोष पांचांपैकीं कोणाचा? तो सांगूं शकला नाहीं, मीही नाहीं.

दुसऱ्या संध्याकाळीं मीं शंभर पानी वही नेली. अट एकच: एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, तीन फेऱ्या मारावयाच्या, आणि आंकडा व वेळ दोन्ही लिहावयाचीं. पहिल्या पानावर मोनॅकोचा फेरा १ मिनिट ३७ सेकंद असा आहे. नुसती अटक सैल केल्यावर १ मिनिट ३५ सेकंद झाला; ब्रेकचा जोर पुढें आणल्यावर शेपूट आवरलें. मात्र त्या निष्णात खेळाडूचे मोनॅकोचे तयार आंकडे लावले, तेव्हां वेळ उलट वाढली. तो वळणांत पाय हळू हळू उचलीत असावा, हा झटक्यानें उचलतो. एकाच्या पायास जुळलेली गाडी दुसऱ्याच्या पायाखालीं तशी वागत नाहीं.

तेल किती भरावें हाही जुळणीचाच भाग. मोंझाची शर्यत ६८ फेऱ्यांची, म्हणजे ३९१ किलोमीटरची. १० सप्टेंबर १९६७ रोजीं क्लार्कचें टायर फुटून तो एक पूर्ण फेरा मागें पडला. तो फेरा त्यानें भरून काढला व पुन्हा सर्वांच्या पुढें गेला! पण शेवटच्या फेऱ्यांत इंजिनास तेल पोंचेनासें झालें आणि तो तिसरा आला. जिंकला तो होंडा गाडीचा जॉन सर्टीज. हें ऐकतांना मुलाचे डोळे चमकत होते. मग मीं त्यास हेंही सांगितलें, कीं सात महिन्यांनीं, ७ एप्रिल १९६८ रोजीं, जर्मनींतील हॉकेनहाइम येथें दुसऱ्या एका लोटस गाडींत हाच क्लार्क मरण पावला. संगणकावर कळ दाबतांच गाडी पुन्हा धड उभी राहते. या मुलास पुढें मोटारसायकल हवी आहे, म्हणून ही गोष्ट मीं वगळली नाहीं.

राहिला वडिलांचा प्रश्न. ते भाताच्या गिरणींत यंत्रावर काम करतात. धानाची जात बदलली कीं रबरी रोलांमधील अंतर बदलावें लागतें. फार जवळ आणले तर तांदूळ मोडून कनकी वाढते, फार दूर ठेवले तर टरफल निघत नाहीं, हें त्यांस कोणी शिकवावयास नको. आठ दिवसांनीं मीं गेलों, तेव्हां चाक जाग्यावरच होतें. परीक्षेपर्यंत रोज अर्धा तास, असा ठराव झाला होता. वडील चष्मा लावून वही चाळीत होते. चौथ्या पानावर बोट ठेवून त्यांनीं मुलास विचारलें, "येथें दोन गोष्टी एकदम कां बदलल्यास?"