चवदार तळ्याचा दावा आणि नागरिकशास्त्राचे काही शब्द

ठराव, दावा, मनाईहुकूम, रूढी हे शब्द विद्यार्थी पाठ करतात आणि परीक्षा संपताच विसरतात. दोष त्यांचा नाही. व्याख्येत माणसे नसतात. म्हणून आम्ही हे शब्द महाडच्या चवदार तळ्यावरून शिकवतो. श्रीवर्धनहून म्हसळा, माणगाव ओलांडून महाडला जाऊन आलेली मुले आपल्याकडे पुष्कळ आहेत. २० मार्च १९२७ चा सत्याग्रह त्यांना ठाऊक असतो. त्यानंतर नऊ वर्षांहून अधिक काळ चाललेला दावा मात्र थोड्यांनाच ठाऊक असतो, आणि कायदा समजतो तो तेथेच.

प्रथम ठराव. सार्वजनिक पैशाने बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. परंतु ती शिफारस होती. मोडणाऱ्याला शिक्षा नव्हती. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचे जाहीर केले, तरी अस्पृश्यांना पाणी भरता आले नाही. सत्याग्रहानंतर सवर्णांनी तळे 'शुद्ध' करून घेतले आणि ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव रद्दही केला. ठरावाने दिलेले ठरावानेच काढून घेता येते, हे येथे ध्यानी घ्यावे.

श्रीवर्धनकरांसाठी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. त्या काळी महाड ब्रिटिश मुलखातील कुलाबा जिल्ह्यात, तर श्रीवर्धन जंजिऱ्याच्या नबाबाच्या संस्थानात होते. म्हणजे मुंबई विधिमंडळाचा ठराव आपल्या गावापर्यंत पोहोचतच नव्हता. 'अधिकारक्षेत्र' हा शब्द याहून सोपा करून सांगणे आम्हास जमलेले नाही. संस्थान विलीन झाले ते १९४८ मध्ये.

आता दावा. मुले दिवाणी आणि फौजदारी यांत नेहमी गोंधळतात. चवदार तळ्याचे प्रकरण दिवाणी होते. कोणाला तुरुंगात धाडायचे नव्हते, हक्क कोणाचा एवढेच ठरवायचे होते. डिसेंबर १९२७ मध्ये दुसऱ्या सत्याग्रहाची तयारी चालली असता महाडच्या काही सवर्णांनी दिवाणी न्यायालयात धाव घेतली. ते वादी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी प्रतिवादी. न्यायालयाने तात्पुरता मनाईहुकूम दिला. हा अंतिम निकाल नव्हे; निकाल लागेपर्यंत अमुक गोष्ट करू नका, एवढाच त्याचा अर्थ. परिषदेला हजारो लोक जमलेले, पाणी समोर, आणि बाबासाहेबांनी हुकूम पाळावयाचे ठरविले. मिरवणूक तळ्याला वळसा घालून परतली. 'सर, एवढे लोक असताना का थांबले?' हा प्रश्न दरवर्षी येतो. आमचे मत असे की, लोक मागे हटले नाहीत, लढाई न्यायालयात गेली. आणि ती तेथे जिंकता येईल हे त्या बॅरिस्टरने ओळखले होते.

न्यायालयात कळीचा शब्द ठरला 'रूढी'. अस्पृश्यांना वगळून तळे वापरण्याची आमची रूढी अनादी आहे, असे वादींचे म्हणणे. अशी रूढी न्यायालय मानू शकते. परंतु जो ती सांगतो त्यानेच ती सिद्ध करावी लागते. यालाच सिद्धतेचा भार म्हणतात. 'आमच्या आजापणजापासून असेच चालत आले' एवढे म्हणून भागत नाही. वादींना ते सिद्ध करता आले नाही. १९३१ मध्ये महाडच्या न्यायालयात ते हरले, अपिलातही हरले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तोच निर्णय कायम केला.

विजयाच्या भाषणांत एक गोष्ट गळते. उच्च न्यायालयाने अस्पृश्यता बेकायदा ठरविली नव्हती. वादींचा पुरावा अपुरा, इतकेच त्या निकालाने ठरले. दुसऱ्या गावी कोणी भक्कम पुरावा आणला असता तर?

हे दार बंद केले संविधानाने. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तो वाचताना महाड आठवल्यावाचून राहत नाही. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि अनुच्छेद १३ ने मूलभूत हक्कांशी विसंगत रूढी शून्य ठरविली. पुढे १९५५ चा कायदा आला. त्याचे आजचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम. पाणवठ्यावर अडविणे हा त्यान्वये फौजदारी गुन्हा आहे. त्याचे कलम १२ पालकांनी मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावे. या कायद्यातील गुन्ह्याचे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडले, तर ते अस्पृश्यतेच्या कारणानेच घडले असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे दाखविण्याचा भार आरोपीवर येतो. १९९० च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातींच्या व्याख्येत धर्मांतरित बौद्धही येतात, म्हणून जातीचा दाखला काढताना 'बौद्ध' लिहावे की नको अशी धास्ती ज्या घरांत अजून आहे, त्यांनी ती सोडावी.