अर्धवट घरदुरुस्ती आणि कंत्राटदाराशी तंटा : निवारणाचे मार्ग

'लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून' ही म्हण पिढ्यान्पिढ्यांच्या अनुभवातून आलेली आहे. त्यातही नवे घर बांधण्यापेक्षा राहते घर दुरुस्त करणे व वाढविणे अधिक जिकिरीचे ठरते. कारण काम चालू असताना कुटुंबाचा संसार त्याच घरात मांडलेला असतो. कौले उतरविलेली आहेत, मागची भिंत पाडलेली आहे, पावसाळा पंधरा दिवसांवर येऊन ठेपला आहे आणि कंत्राटदाराने कामावर येणे बंद केले आहे, अशा स्थितीत सापडलेले कुटुंब न्यायालयात जाण्यापूर्वी गावातील जाणत्या माणसाकडे जाते. हा जाणता माणूस बहुधा सरपंच, पंचायत सदस्य, शिक्षक किंवा ग्रामपंचायत अधिकारी असतो. त्याने दिलेल्या पहिल्या सल्ल्यावर त्या तंट्याचे पुढील भवितव्य पुष्कळसे अवलंबून राहते. यास्तव या विषयाची माहिती अशा प्रत्येक कार्यकर्त्यास असणे आवश्यक आहे.

तंट्याचे मूळ

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावी एका निवृत्त शिक्षकाने भविष्यनिर्वाह निधीच्या रकमेतून जुन्या घराची दुरुस्ती करावयाचे ठरविले. दोन खोल्यांवर स्लॅब, नवे स्वयंपाकघर, न्हाणीघर व शौचालय, गिलावा आणि फरशी असे काम ६,००,००० रुपयांत साहित्यासह ठरले. कराराचा कागद झाला नाही. कंत्राटदार मागेल तसे पैसे देण्यात आले आणि चार महिन्यांत ४,२०,००० रुपये दिले गेले. स्लॅब पडला, भिंती उभ्या राहिल्या आणि काम थांबले.

गुरुजींचे म्हणणे असे की, सत्तर टक्के पैसे घेऊन कंत्राटदाराने निम्मेच काम केले. कंत्राटदाराचे म्हणणे असे की, मध्यंतरी लोखंड महागले. शिवाय माळा व एक आडवी भिंत ही मूळ ठेक्यात नसलेली कामे गुरुजींनी सांगितली म्हणून केली, त्याचे ४०,००० रुपये अद्याप मिळालेले नाहीत. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. अशा बहुतेक तंट्यांच्या मुळाशी तीनच गोष्टी आढळतात : कामाचा तपशील लिहिलेला नसणे, पैसे कामाच्या टप्प्यांप्रमाणे न देता मागणीप्रमाणे देणे, आणि वाढीव कामाचा दर आधी न ठरविणे.

तोंडी करारही करारच

'कागद नाही, म्हणजे काहीच करता येणार नाही' असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. भारतीय करार कायदा, १८७२ अन्वये असा तोंडी करारही वैध असतो. अडचण असते ती पुराव्याची. बँकेतून दिलेल्या रकमांची नोंद, मोबाइलवरील संदेश, साहित्याची बिले आणि शेजाऱ्यांची साक्ष यांवरून करार व त्याच्या अटी सिद्ध करता येतात.

या कायद्यातील काही तरतुदी विशेष उपयुक्त आहेत. कलम ७३ प्रमाणे करारभंगामुळे स्वाभाविकपणे झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते. दूरान्वयाने झालेल्या नुकसानीची मागता येत नाही. नुकसान कमी करण्याचे कोणते उपाय हाताशी होते, हेही भरपाई ठरविताना पाहिले जाते. कलम ७० प्रमाणे, मोफत करण्याचा हेतू नसताना केलेल्या आणि दुसऱ्याने लाभ घेतलेल्या कामाचा मोबदला द्यावा लागतो. कंत्राटदाराच्या वाढीव कामाचा हक्क यातूनच येतो. कलम ६७ प्रमाणे, कामासाठी आवश्यक त्या वाजवी सोयी देण्यास घरमालकाने टाळाटाळ केली, तर त्यामुळे झालेल्या कसुरीबद्दल कंत्राटदारास दोष देता येत नाही. फरशीची निवड दोन महिने लांबविणाऱ्या घरमालकाने ही गोष्ट ध्यानात ठेवावी. साहित्यासह ठोक रकमेचा ठेका असेल, तर भाववाढीचा बोजा सामान्यतः कंत्राटदाराने सोसावयाचा असतो; मात्र उभयतांनी तसे वेगळे ठरविलेले नसावे.

मुदतीसंबंधीचा नियमही महत्त्वाचा आहे. मुदत हा कराराचा मुख्य भाग असताना घरमालकाने उशिरा झालेले काम मुकाट्याने स्वीकारले, तर पुढे त्या उशिराबद्दल भरपाई मागता येत नाही. काम स्वीकारतानाच 'भरपाईचा हक्क राखून स्वीकारीत आहे' असे कळवावे लागते.

प्रथम मोजमाप, मग मागणी

काम बंद पडताच घरमालक रागाच्या भरात दुसरा गवंडी बोलावतो आणि उरलेले काम सुरू करतो. येथेच मोठी चूक होते. दुसऱ्याचा हात लागल्यावर पहिल्याने नेमके किती काम केले होते, हे सांगणे कोणासही शक्य होत नाही. म्हणून जाणत्या माणसाने द्यावयाचा पहिला सल्ला हाच की, आधी मोजमाप करावे.

मोजमापाची तारीख व वेळ कंत्राटदारास लेखी कळवावी. तो आला तर उत्तम. न आला तरी काम थांबवू नये. शक्यतो पदविकाधारक किंवा पदवीधर स्थापत्य अभियंत्याकडून झालेल्या व राहिलेल्या कामांची स्वतंत्र यादी करून घ्यावी. बांधकाम घनफुटांत किंवा ब्रासमध्ये (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट), गिलावा व फरशी चौरस फुटांत, तर दारे-खिडक्या नगांत मोजाव्यात. सदोष काम वेगळे नोंदवावे. तारखेसह छायाचित्रे घ्यावीत. दोन त्रयस्थ पंचांच्या सह्या घ्याव्यात. पावसापासून बचावासाठी ताडपत्री घालणे किंवा तात्पुरते छप्पर करणे यास हरकत नाही. मात्र त्या खर्चाच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

दोन बाबींत विशेष सावधगिरी हवी. नुकताच स्लॅब पडला असेल, तर सेंट्रिंगचे टेकू भांडणापायी काढले जाऊ नयेत. भारतीय मानक ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटच्या ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालील टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याखालील टेकू किमान १४ दिवस ठेवावे लागतात. तुळयांना याहून अधिक काळ लागतो. दुसरे असे की, कंत्राटदाराची अवजारे व प्लेटा घरमालकाने अडवून ठेवू नयेत. यादी करून, पोच घेऊन त्या परत कराव्यात. अडवून ठेवल्यास मूळ तक्रार बाजूला राहून घरमालकच आरोपी ठरण्याचा धोका असतो.

हिशेबाची रीत

आता गुरुजींच्या उदाहरणाकडे वळू. अभियंत्याच्या मोजणीत मूळ ठेक्यापैकी ३,००,००० रुपयांचे काम झालेले आढळले. त्याशिवाय ४०,००० रुपयांचे वाढीव कामही प्रत्यक्ष झालेले आहे. म्हणजे एकूण ३,४०,००० रुपयांच्या कामापोटी ४,२०,००० रुपये गेले असून ८०,००० रुपये जादा दिले गेले आहेत. उरलेले काम मूळ दराने ३,००,००० रुपयांचे आहे. परंतु दुसरा कंत्राटदार त्यासाठी ३,६०,००० रुपये मागतो. येथे आणखी ६०,००० रुपयांची झळ बसते. अशा रीतीने गुरुजींचे वाजवी नुकसान १,४०,००० रुपये होते. सदोष काम आढळल्यास ते सुधारण्याचा खर्च यात मिळवावा.

हा हिशेब मांडताच तंट्याचे स्वरूप बदलते. गुरुजींना चार लाख परत मागता येत नाहीत आणि कंत्राटदारास 'माझेच पैसे येणे आहेत' असे म्हणता येत नाही. उलट, मूळ कंत्राटदारानेच काम पूर्ण केले, तर वाढीव कामासह त्यास आणखी २,२०,००० रुपये मिळावयाचे आहेत, हेही स्पष्ट होते. अनेकदा हाच समेटाचा पाया ठरतो.

नोटीस आणि समेट

मोजमापानंतर लेखी नोटीस द्यावी. तीत करार केव्हा व किती रकमेचा झाला, किती रक्कम दिली, कोणते काम राहिले, ते पूर्ण करण्यास किती दिवसांची अंतिम मुदत देत आहोत आणि त्या मुदतीत काम न झाल्यास ते दुसऱ्याकडून करून घेऊन खर्चाची मागणी केली जाईल, एवढाच मजकूर असावा. शिवीगाळ, धमकी किंवा बदनामीकारक शब्द नसावेत. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवून पोहोचल्याचा पुरावा ठेवावा.

यानंतर उभयपक्षांस एकत्र बसविण्याचा प्रयत्न करावा. महाराष्ट्रात २००७ साली सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने गावपातळीवर समेटाची परंपरा दृढ केली. समेट झाल्यास तो लेखी असावा. राहिलेल्या प्रत्येक कामाची तारीख, तो टप्पा पूर्ण झाल्यावर द्यावयाची रक्कम आणि टप्पा पूर्ण झाला हे ठरविणारी त्रयस्थ व्यक्ती, या तिन्ही गोष्टी त्यात नमूद कराव्यात.

परंतु गावात लिहिलेल्या समेटपत्रास न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ नसते. ते मिळविण्याचा सोपा मार्ग म्हणजे लोकअदालत. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ अन्वये दावा दाखल होण्यापूर्वीही प्रकरण लोकअदालतीपुढे नेता येते. तेथे तडजोडीने झालेला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासमान असतो आणि त्यावर अपील नसते. यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग व इतर पात्र व्यक्तींना या कायद्यान्वये मोफत कायदेविषयक साहाय्यही मिळते.

ग्राहक आयोगाचा मार्ग

समेट न झाल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. ग्राहक संरक्षण कायदा, १९८६ मधील 'सेवा' या संज्ञेत १९९३ च्या दुरुस्तीने गृहबांधणीचा स्पष्ट समावेश झाला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या प्रकरणात बांधकामातील उणीव ही सेवेतील त्रुटी असल्याचे मान्य केले. २० जुलै २०२० पासून अमलात येऊ लागलेल्या २०१९ च्या नव्या कायद्यातही ही तरतूद कायम आहे.

तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते. दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते. तो ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. पक्षकारांची संमती असल्यास आयोग प्रकरण मध्यस्थीकडेही पाठवू शकतो. आयोगाच्या आदेशाचे पालन न केल्यास कारावासाची किंवा दंडाची तरतूद आहे. प्राथमिक मार्गदर्शनासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक उपलब्ध आहे.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. काम अंगावर घेणारा कंत्राटदार सेवा देतो. परंतु रोजंदारीवर ठेवून स्वतःच्या देखरेखीखाली काम करून घेतलेला गवंडी हा ग्राहक कायद्याच्या कक्षेत सहसा येत नाही. तसेच, विकासकाकडून सदनिका घेणाऱ्यांसाठी असलेला २०१६ चा स्थावर संपदा कायदा राहत्या घराच्या अशा दुरुस्तीच्या तंट्यास लागू पडत नाही.

दिवाणी दाव्याचा मार्ग दोघांनाही खुला असून करारभंगाच्या भरपाईसाठी सर्वसाधारण मुदत तीन वर्षांची आहे. पोलिसांकडे धाव घेण्यापूर्वी मात्र विचार करावा. काम अपुरे राहणे एवढ्यानेच फसवणुकीचा गुन्हा होत नाही. पैसे घेतानाच फसविण्याचा हेतू होता असे दिसावे लागते.

पुढच्या वेळी काय करावे

शासन घरकुलाचे अनुदान कसे देते, हे पंचायत सदस्यांस परिचित आहे. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) मध्ये रक्कम एकदम न देता बांधकामाचा टप्पा पाहून, छायाचित्रे घेऊन हप्त्याहप्त्याने दिली जाते. हाच नियम खाजगी कामासही लावावा. सुरुवातीची उचल साहित्यापुरती मर्यादित असावी. पुढील हप्ते जोते, स्लॅब, गिलावा व फरशी या टप्प्यांशी बांधावेत. शेवटचा काही भाग काम पूर्ण होऊन गळती नाही याची खात्री होईपर्यंत राखून ठेवावा, मात्र हे आधीच ठरवावे. वाढीव काम सुरू होण्यापूर्वी त्याचा दर वहीत लिहून दोघांनी सही करावी. रोख रकमेची पावती घ्यावी.

अशी वही कंत्राटदाराच्याही हिताची आहे. तोही बहुधा गावचाच असतो. त्याच्या मागे गवंडी, बिगारी आणि त्यांची कुटुंबे असतात, आणि वाढीव कामाचे पैसे बुडाल्याने अडचणीत आलेले कंत्राटदारही थोडे नाहीत. दोन पक्ष एकमेकांवर अविश्वास दाखवीत असताना पंचायत सदस्याने अथवा शिक्षकाने कोणाची बाजू घेण्याची घाई करू नये. मोजपट्टी, वही आणि दोन पंच घेऊन प्रथम त्या अर्धवट घरात जावे. काय झाले आणि काय राहिले हे कागदावर उतरले, म्हणजे देणे कोणाचे व किती हे पाहणे सोपे जाते, आणि पावसापूर्वी त्या घरावर छप्पर चढण्याची शक्यता वाढते.