भाचीला, बीसीबीएच्या (बिहेव्हियर ॲनालिस्टच्या प्रमाणपत्राच्या) परीक्षेआधी

कूपर, हेरॉन आणि ह्यूवर्ड यांचं ते पांढरं पुस्तक तिसऱ्यांदा वाचायला घेऊ नकोस. दोनदा वाचलंस ना? पुरे झालं. आता ते शेल्फवर ठेव आणि अडलं तेवढंच उघडून बघ. तुझ्या आईकडून कळलं की तू रोज व्याख्या लिहून काढतेस. दहावीला आपण असेच मार्क मिळवले, पण इथे व्याख्या कुणी विचारतच नाही. एक प्रसंग देतात, खाली चार पर्याय. दोन पर्याय उघड चुकीचे असतात आणि उरलेले दोन सख्ख्या भावंडांसारखे दिसतात. त्या दोघांत फरक ओळखता येतो का, एवढंच बघायचं असतं. अलीकडच्या वर्षांत पहिल्यांदा बसणाऱ्यांपैकी निम्म्यांहून थोडेच जास्त पास होतात, आणि पुन्हा बसणाऱ्यांचं प्रमाण तर त्याहून बरंच कमी आहे. ही सगळी मास्टर्स झालेली, हजार-दोन हजार तास मुलांबरोबर काढलेली माणसं. त्यांचा अभ्यास कमी पडला असं मला वाटत नाही, तो चुकीच्या जागी झाला असं वाटतं.

पेपर कसा असतो ते तुला ठाऊक आहे, तरी मोठी माणसं सांगतात तसं पुन्हा सांगते. 185 प्रश्न आणि 4 तास. त्यातल्या 175 प्रश्नांचे गुण धरतात. उरलेले 10 पुढच्या परीक्षांसाठी चाचणी म्हणून घातलेले असतात आणि ते कोणते हे सांगत नाहीत. म्हणून एखादा प्रश्न अगदीच विचित्र वाटला तर घाबरून त्याच्यापाशी बसून राहू नकोस, कदाचित तो त्या दहांपैकीच असेल. एका प्रश्नाला सव्वा मिनिटापेक्षा थोडा जास्त वेळ मिळतो. रिकामा कुठलाच सोडायचा नाही. खूण करून पुढे जायचं आणि शेवटी परत यायचं.

1 जानेवारी 2025 पासून परीक्षेच्या अभ्यासक्रमाची सहावी रूपरेषा लागू झाली आहे. मैत्रिणीने दिलेल्या पाचव्या यादीच्या नोट्स कितीही सुबक असल्या तरी क्रम आणि भार आता बदलला आहे. मूलतत्त्वं आणि वर्तन बदलण्याच्या पद्धती हे दोन विभाग प्रत्येकी 14 टक्के, नीतिनियम आणि असेसमेंट प्रत्येकी 13. निम्म्याहून जास्त पेपर या चारांतच झाला. तत्त्वज्ञानाला 5 टक्के, म्हणजे 8 प्रश्न. स्किनरच्या रॅडिकल बिहेव्हियरिझमवर रात्री जागवणाऱ्या मुली मी पाहिल्यात. त्याच मुली सुपरव्हिजनच्या विभागाकडे बघत नाहीत आणि तिथे तर 19 प्रश्न असतात.

आता त्या भावंडांच्या जोड्या. तुझा बराचसा वेळ इथेच जायला हवा.

प्रसंग वाचलास की पहिला प्रश्न स्वतःला विचार: हे कोणाच्या वर्तनाबद्दल आहे? ताटात भेंडी पडली, पोरगं रडायला लागलं, आईने ताट उचललं, रडं थांबलं. पुढच्या वेळी भेंडी दिसली की पोरगं पुन्हा रडणार, कारण नकोशी गोष्ट समोरून गेली. हे निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट. पण आईचं काय? ताट उचलल्याबरोबर तिच्या कानाला आराम मिळाला, म्हणून पुढच्या वेळी ती आणखी लवकर उचलणार. तिचंही निगेटिव्ह रिइन्फोर्समेंटच. आता ताट न उचलता बाबांनी बिस्किट हातात दिलं असं धर. पोराचं झालं पॉझिटिव्ह, बाबांचं मात्र निगेटिव्हच राहिलं. तीच खोली, तीच माणसं, आणि उत्तर कोणाबद्दल विचारलंय त्यावर फिरतं. निगेटिव्ह म्हटलं की शिक्षा हे डोक्यातून मुळासकट काढ. वर्तन वाढलं की रिइन्फोर्समेंट, कमी झालं की पनिशमेंट. काही मिळालं की पॉझिटिव्ह, काही गेलं की निगेटिव्ह. कोणाला वाईट वाटलं याच्याशी त्याचा संबंध नाही.

दुसरी जोडी मोटिव्हेटिंग ऑपरेशन आणि डिस्क्रिमिनेटिव्ह स्टिम्युलस. माझ्या इथे ओक ट्री रोडवरच्या चाटच्या दुकानात दिवा लागलेला असला की समोसा मिळतो, दिवा बंद असला की मिळत नाही. दिवा हा स्टिम्युलस, तो फक्त 'मिळेल' एवढंच सांगतो. मी सकाळपासून उपाशी आहे ही मोटिव्हेटिंग ऑपरेशनची गोष्ट, तिने समोशाची किंमत माझ्यासाठी वाढली. जेवून निघाले असेन तर दिवा दिसूनही मी आत वळणार नाही. उपाशी असताना दुकान बंद असेल तर जीव कितीही कळवळला तरी समोसा मिळत नाही. प्रसंगात जे बदललं त्याने वस्तू मिळण्याची शक्यता बदलली, की ती हवीशी वाटणं बदललं? एवढं विचारलंस की चारपैकी तीन पर्याय गळतात. जॅक मायकलने हा भेद किती बारकाईने मांडलाय ते त्याच्या लेखांत बघ. पुस्तकातल्या सारांशापेक्षा मला ते लेख सोपे वाटतात.

आणि एक्स्टिंक्शन म्हणजे दुर्लक्ष करणं, हे डोक्यातून काढून टाक. ज्या फायद्यावर वर्तन टिकलंय तो फायदा बंद करणं म्हणजे एक्स्टिंक्शन. लक्ष मिळावं म्हणून ओरडणाऱ्या मुलाकडे दुर्लक्ष केलं तर ठीक. पण वर्कशीट टाळायला पेन्सिल फेकणाऱ्याकडे दुर्लक्ष केलं तर त्याला हवं तेच मिळालं, वर्कशीट टळलं. त्याला टाइम-आउटला बसवणं म्हणजे तर बक्षीसच. म्हणून आधी फंक्शन आणि मग उपाय. 1982 मध्ये ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी फंक्शनल ॲनालिसिसचा जो प्रयोग छापला, त्यातल्या एकेका परिस्थितीत कोणता फायदा तपासला होता हे तुला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे.

मापनाचं थोडक्यात सांगते. पार्शियल इंटरव्हल रेकॉर्डिंग वर्तन जास्त दाखवतं, होल इंटरव्हल कमी दाखवतं. कमी करायचं वर्तन असेल तर पहिलं, वाढवायचं असेल तर दुसरं, म्हणजे सुधारणा फुगलेली दिसत नाही. आलेख रोज एखादा तरी हाताने काढ, पातळी, कल आणि चढउतार बोलून दाखव. सॉफ्टवेअर सगळं आपोआप काढून देतं, त्यामुळे डोळा तयार होत नाही.

संज्ञा तोंडावर असायलाच हव्यात, त्याला पर्याय नाही. फक्त त्या डोळ्यांनी वाचून येत नाहीत. ऑग्डेन लिंडस्लीची सॅफमेड्सची रीत वापर: पत्ते पिसायचे, मिनिटभर भराभर मोठ्याने म्हणायचे, किती बरोबर आले ते टिपायचं, रोज. तुझ्या आजोबांची पिढी पावकी, निमकी, औटकी अशीच घोकायची आणि बाजारात हिशेबाला अडायची नाही. ते पाठांतर मला मान्य आहे, कारण वेगाने आठवलं की प्रसंगाचा विचार करायला डोकं मोकळं राहतं. पत्त्याच्या मागे मात्र पुस्तकातलं उदाहरण लिहू नकोस. स्वतःच्या घरातलं, लोकलमधलं, मंगल कार्यालयातलं लिही, आणि शेजारी त्याच्यासारखं दिसणारं पण ते नसणारं एक उदाहरण लिही. ते दुसरं सुचलं नाही, तर संज्ञा अजून कळलेली नाही असं समज.

सराव परीक्षा दे, पण त्यांना एकवीस अपेक्षित समजू नकोस. तिथले प्रश्न इथे येत नाहीत. एक चाचणी दिलीस की चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे तू निवडलेला पर्याय का बरोबर वाटला ते एका ओळीत लिही. आठवड्याने त्या ओळी वाच, तुझी खोड तुलाच दिसेल. कोणी प्रसंगात नसलेली माहिती मनाने भरतं, कोणी 'सर्वात आधी' हे शब्द वाचतच नाही. म्हणून मी शेवटचं वाक्य आधी वाचायला सांगते: काय विचारलंय ते कळल्यावर मग प्रसंग.

नीतिनियमांच्या 22 प्रश्नांवर माझा सगळ्यात जास्त जोर आहे, कारण तिथे आपले संस्कार आड येतात. 2022 पासून लागू असलेली आचारसंहिता म्हणते की क्लायंटकडून 10 डॉलरपेक्षा जास्त किमतीची भेट घ्यायची नाही आणि द्यायचीही नाही, आणि ही गोष्ट कामाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवायची. आता एका घरून दिवाळीला चार चकल्या आल्या तर क्वचितची, कृतज्ञतेची छोटी भेट म्हणून चालते. दर शुक्रवारी डबा यायला लागला तर चालत नाही. हळदीकुंकवाला चांदीची वाटी दिली तर मुळीच नाही. तुझं मन म्हणेल, त्या माउलीला नाही कसं म्हणायचं, तिला वाईट वाटेल. परीक्षेत तुझ्या मनाला गुण नाहीत.

तसंच मंडळातल्या मैत्रिणीने म्हटलं, "आमच्या बाळाला तूच बघ ना, परक्याकडे कशाला?" की उत्तर ठरलेलं: दुसऱ्या योग्य व्यक्तीकडे पाठवायचं. गणपतीत क्लायंटचं कुटुंब भेटलं तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही. मुलाचा गोड व्हिडिओ, नाव न लिहिताही, व्हॉट्सॲपवर जात नाही. मूल अचानक कान बडवायला लागलं तर आधी डॉक्टर, वर्तनाचा आराखडा नंतर. सहकारी चुकतोय असं दिसलं आणि कोणाला इजा होण्याचा धोका नसेल, कायदा मोडत नसेल, तर आधी त्याच्याशीच थेट बोलायचं आणि नोंद ठेवायची. तक्रार त्यानंतर. "आमच्या क्लिनिकमध्ये असंच करतात" हे कुठल्याच प्रश्नाचं उत्तर नसतं. क्लिनिकच्या सवयी बऱ्याचदा विमा कंपनीच्या सोयीने पडलेल्या असतात.

थोडं विषयांतर होईल, पण सांगते. ऑटिझम असलेली मोठी माणसं या क्षेत्रावर जी टीका करतात ती वाच. लोव्हासच्या काळात वेदना देणारे उपाय वापरले गेले, हे आपल्याच क्षेत्राने लिहून ठेवलंय. हात हलवणं थांबवायचं कशासाठी, कोणाच्या सोयीसाठी, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. बेअर, वुल्फ आणि रिस्ली यांनी 1968 मध्ये सांगितलेल्या सात कसोट्यांत पहिलीच कसोटी ही की बदल त्या माणसाच्या आयुष्यात महत्त्वाचा असावा. उपाय निवडण्याच्या विभागातले प्रश्न हे पटलेल्या माणसाला सोपे जातात.

फील्डवर्कचे तास अजून उरलेत म्हणतेस, तर निदान 60 टक्के तास मुलाशी थेट सत्र घेण्यापलीकडच्या कामाचे लागतात: आलेख, असेसमेंट, पालकांचं प्रशिक्षण. महिन्याचा फॉर्म त्या त्या महिन्यातच सहीसकट घे, सुपरवायझर नोकरी बदलून गेली की मागे धावत बसावं लागतं. अभ्यासाला बसत नाही अशी तक्रार करतेस, त्यावर प्रीमॅकचा नियम तुझ्याच पुस्तकात आहे आणि त्याला ते आजीचा नियम म्हणतात. आधी पत्ते, मग मालिका. तुझ्या आजीने वेगळं काही सांगितलं नव्हतं.

परीक्षेच्या दिवसाचं एकच बजावते: नाव. पासपोर्टवर तुझ्या नावात बाबांचं नाव आहे, लायसन्सवर नवऱ्याचं आडनाव आलंय, आणि बीसीबीएच्या खात्यात तू लग्नाआधीचं लिहिलंस. पीअर्सन व्ह्यूच्या दारात ओळखपत्रावरचं आणि खात्यातलं नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत. हे आजच तपास, बदलायला वेळ लागतो. घड्याळ, बांगड्या घरी ठेव. आदल्या रात्री पुस्तक उघडू नकोस, दहीभात खाऊन झोप.

पास नाही झालीस तर 30 दिवसांनी पुन्हा बसता येतं, 2 वर्षांच्या मुदतीत 8 वेळा. पण तीस दिवस म्हणजे तेच पुस्तक पुन्हा वाचायची मुदत नव्हे, आधी ती चुकांची वही काढ.

पुण्याहून तुझी मैत्रीण विचारत होती, तिला सांग की 2023 पासून भारतात राहणाऱ्यांचे नवे अर्ज बीसीबीएसाठी घेत नाहीत. क्यूएबीए आणि आयबीएओ या दुसऱ्या संस्थांची प्रमाणपत्रं आहेत, तिने त्यांच्या अटी बघाव्यात. आणि तू पास झालीस तरी लगेच मुलं घेऊ नकोस. तुझ्या टेक्ससमध्ये बिहेव्हियर ॲनालिस्टचा परवाना टीडीएलआर देतं, त्याचा अर्ज वेगळा आणि फी वेगळी. तो हातात आल्यावरच स्वतःच्या नावावर काम सुरू कर.