नावानिशी सलाम : वर्षभर करावयाची नाताळकार्डे

शास्त्रपाठ : रोम. १६:१–१६, २२, लूक २:१–२०



नाताळ अद्याप दूर असता आम्ही नाताळच्या कार्डांविषयी लिहावयास बसलो, याचे आपणांपैकी काहींस नवल वाटेल. परंतु जे काम आपण डिसेंबरच्या विसाव्या तारखेस घाईघाईने हाती घेतो, ते खरे पाहता त्या महिन्याचे कामच नव्हे. हा धडा आम्हांस एका वृद्ध बहिणीने शिकविला. तो आपणांपुढे ठेवावा, एवढ्यासाठी हा लेख.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. सटाण्याच्या आसपासच्या खेड्यांतील आमच्या मंडळ्यांसाठी आम्ही शहरातून छापील कार्डांचे गठ्ठे आणविले. एका संध्याकाळी बसून सर्वांवर सह्या ठोकल्या आणि सणाची उपासना आटोपल्यावर दाराशी उभे राहून ती वाटून टाकली. जे आले त्यांस मिळाली. उरली ती कपाटात गेली. जानेवारीत गृहभेटी करीत आम्ही एका वस्तीवर गेलो. मुलगा व सून ऊसतोडीस गेलेली. घरी एकटी आई, गुडघ्यांनी अधू. प्रार्थना झाल्यावर तिने हळूच विचारले, “साहेब, वहीमा मन्हं नाव शे ना?” शेजारच्या मुलीच्या हाती तिने कार्ड पाहिले होते. तिला वाचता येत नव्हते, आणि कार्डाची हौसही नव्हती. मंडळीच्या वहीत आपले नाव अजून आहे की पुसले गेले, एवढेच तिला जाणून घ्यावयाचे होते.

नाव वहीत होते. आमच्या स्मरणात मात्र ते नव्हते. त्या प्रश्नाला आम्ही काय उत्तर दिले हे सांगावयास आम्हांस लाज वाटते. आम्ही विषय बदलला.

१. प्रेषिताची यादी

घरी येऊन रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय उघडला. हा अध्याय उपासनेत क्वचितच वाचला जातो, कारण त्यात नावांवाचून दुसरे फारसे काही नाही असे आपणांस वाटते. पौल त्या वेळपर्यंत रोम नगरास गेलेला नव्हता. तरी तो वीसांहून अधिक मनुष्यांस नावानिशी सलाम सांगतो. आणि नुसते नाव सांगून थांबत नाही. प्रिस्का व अक्विला यांनी त्याच्यासाठी आपला जीव धोक्यात घातला, हे तो सांगतो. मरियेने मंडळीसाठी फार कष्ट केले, हे तो विसरत नाही. रूफाच्या आईस तो आपलीही आई म्हणतो. पत्र ज्याने आपल्या हाताने लिहून काढले त्या तर्तियासही बाविसाव्या वचनात आपला सलाम घालावयास जागा मिळाली आहे.

एवढी नावे, आणि प्रत्येकाविषयी एक खरी गोष्ट, ही एका संध्याकाळी सुचत नाहीत. ती पुष्कळ दिवस मनात बाळगलेली असतात. लूक सांगतो की, मेंढपाळांचे सांगणे ऐकल्यावर मरियेने त्या सर्व गोष्टी अंतःकरणात साठवून त्यांचे मनन केले. सण एका रात्रीचा होता. साठवण पुढे चालू राहिली.

२. छापील कार्ड कसे जन्मास आले

व्यापारासाठी छापलेले पहिले नाताळकार्ड १८४३ साली लंडन येथे निघाले. हेन्री कोल नावाच्या गृहस्थांनी जॉन कॅलकॉट हॉर्स्ले या चित्रकाराकडून ते काढविले. सुमारे १,००० प्रती छापल्या व किंमत एक शिलिंग ठेविली. त्याआधी तीन वर्षे, १८४० साली, इंग्लंडात एका पेनीत पत्र पोहोचविण्याची सोय झाली होती, त्यामुळे पत्रांचा पूर आला होता. कोलसाहेबांस प्रत्येकास निरनिराळे पत्र लिहिण्यास सवड नव्हती, म्हणून त्यांनी ही युक्ती योजिली. मध्यभागी मेजवानीस बसलेले कुटुंब, आणि दोन्ही बाजूंस भुकेल्यास अन्न व उघड्यास वस्त्र देणारी माणसे, असे ते चित्र होते.

आम्ही त्या गृहस्थांस दोष देत नाही. परंतु छापील कार्ड सवडीच्या अभावातून जन्मले, हे ध्यानात ठेवावे. आता तर मोबाइलवर एकच चित्र एका बोटाने शंभर जणांस जाते. कित्येकदा ते आपल्याच मित्राकडून आपल्याकडे परत येते! त्यात वाईट काही नाही. पण त्या म्हाताऱ्या बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही.

याच्या उलट एक उदाहरण पाहा. १९४९ साली युनिसेफ या संस्थेने आपले पहिले शुभेच्छाकार्ड काढले. त्यावरील चित्र चेकोस्लोव्हाकियातील एका खेड्यातील यित्का साम्कोवा या सात वर्षांच्या मुलीचे होते. महायुद्धानंतर त्या खेड्यास मिळालेल्या मदतीबद्दल आभार मानावे म्हणून तिने ते काढले. कागद मिळेना, म्हणून तिने ते काचेच्या तुकड्यावर रंगविले. साधन नव्हते, पण कोणाचे आभार मानावयाचे हे तिला ठाऊक होते.

३. बारा महिन्यांचे काम

ज्या मंडळीत चाळीस घरे आहेत तिने आठवड्यास एकच कार्ड करावे. चाळीस आठवड्यांत सर्व घरे होतात. बारा आठवडे उरतात, ते गावाबाहेर गेलेल्यांसाठी ठेवावे. ए-फोर मापाच्या एका जाड कागदाचे दोन भाग करून ते मधोमध दुमडले म्हणजे दोन कार्डे होतात. बावन्न कार्डांस सव्वीस कागद पुरे. २०० ग्रॅम वजनाच्या जातीचा कागद घेतल्यास एक कार्ड सहा-सात ग्रॅमचे होते, व पाकिटासह वीस ग्रॅमच्या आत राहते. एवढाच काय तो खर्च. बाकीचे बहुतेक सामान बागलाणच्या रानात व घरात पडलेले आहे.

जानेवारीत वही उघडून नावांची यादी करावी. शब्बाथशाळेच्या प्रत्येक मुलामुलीस तीन-चार नावे वाटून द्यावी.

गहू निघाला की काडाची एक पेंढी राखून ठेवावी. काड अर्धा तास पाण्यात भिजवून उभे चिरावे, आणि उलगडून गरम इस्त्रीने दाबावे. सोन्यासारखी चमकणारी पट्टी मिळते. तिच्या तुकड्यांची गव्हाणी करून खळीने चिकटवावी. बाळ येशूस काडावर निजविले असे चित्र आपण काढतोच. ते खऱ्या काडाचे करणे आपणांस अवघड नाही. खळ कणकेची करावी. तिला कसर लागू नये म्हणून बांधणावळीचे कारागीर त्यात मोरचूद घालीत. परंतु ते विष आहे, मुलांच्या हाती देऊ नये. त्याऐवजी कार्डांच्या पेटीत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवावा.

उन्हाळ कांदा चाळीत भरला जातो तेव्हा टरफले हवी तेवढी मिळतात. ती पाण्यात उकळून गाळल्यास नारिंगी-तपकिरी रंग निघतो. डाळिंबाची वाळलेली साल रात्रभर भिजवून उकळावी व चिमूटभर तुरटी घालावी. पिवळा रंग येतो. बाजारात न चालणारे डागाळलेले फळही यास चालते. गंजलेले खिळे व थोडा गूळ पाण्यात दहा-बारा दिवस ठेवून ते पाणी डाळिंबाच्या काढ्यात मिसळले तर काळसर शाई होते, व ती बोरूने लिहिण्यास योग्य असते. ती पातळच वापरावी. दाट शाई कालांतराने कागद खाते. हळदीचा रंग सुंदर दिसतो, पण उन्हात उडतो. म्हणून त्यावर भिस्त ठेवू नये.

पावसाळ्यात पिंपळाची पाने तीन-चार आठवडे पाण्यात बुडवून ठेवावी व पाणी मधून मधून बदलावे. गर कुजून सुटला की मऊ ब्रशाने तो झाडून टाकावा; शिरांची नाजूक जाळी शिल्लक राहते. मात्र पारावरील पिंपळ शेजाऱ्यांस पूज्य असतो. त्याची फांदी मोडू नये. शेताच्या बांधावरील झाडाचे, तेही विचारून घ्यावे. याच दिवसांत भेंडी येते. जून भेंडी आडवी कापून फडक्यावर कोरडी करावी, आणि खळ घालून दाट केलेल्या रंगात बुडवून ठसा उठवावा. बहुधा पाच कोनांची चांदणी उमटते. लहानांत लहान मुलासही मागी लोकांचा तारा अशा रीतीने काढता येतो.

ऑक्टोबर व नोव्हेंबर हे लिहिण्याचे महिने. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. त्या निघण्यापूर्वी कारखान्याचे व मुकादमाचे नाव आणि फोन लिहून घ्यावा, कारण कोपीवर टपाल पोहोचेलच असे नाही. तिकडे जाणाऱ्या कोणा माणसाच्या हाती कार्डे पाठवावी, आणि ती पोहोचली की नाही हे विचारावे.

४. चित्र व मजकूर

विकतच्या कार्डांवर बर्फ, सूचिपर्णी वृक्ष व घसरगाडी असते. बागलाणात थंडी पुष्कळ आहे, बर्फ नाही. आपल्या मुलांनी आपला गोठा काढावा, खिल्लारी बैल काढावा, घोंगडी घेतलेला मेंढपाळ काढावा. यात शास्त्राचा काही भंग होत नाही. गोमंतकात १९०२ साली जन्मलेले चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांनी मरियेस साडी नेसविली, तेव्हा त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी १९६७ साली निधन होईपर्यंत तेच काम चालविले. आज त्यांच्या चित्रांस मोठा मान आहे. प्रभू आमच्यामध्ये जन्मास आला, एवढेच ती चित्रे सांगतात.

मजकूर अलंकारिक नसावा. पौलाप्रमाणे त्या माणसाविषयी एक खरी गोष्ट लिहावी. “तुम्ही पावसात मंदिराचे कौल बसविले, ते आम्हांस आठवते.” “तुमच्या ओसरीवर आमची शाळा भरली.” अशी एक ओळ पुरे. जिच्याविषयी लिहावयास एकही गोष्ट सुचत नाही अशी व्यक्ती यादीत निघाली, तर तिच्या घरी आपण बरेच दिवसांत गेलो नाही असे समजावे. ज्यांस वाचता येत नाही त्यांस उपदेशकांनी ते कार्ड मोठ्याने वाचून दाखवावे. नुसते हाती देऊन निघून येऊ नये.

५. पेटीत राहिलेले कार्ड

आता त्या बहिणीविषयी सांगून लेख संपवितो. पुढच्या वर्षी आम्ही यादी केली आणि तिचे नाव सर्वांत वर लिहिले. मार्चमध्ये शब्बाथशाळेतील एका मुलाने तिच्या मुलाच्याच शेतातील काड आणून गव्हाणी चिकटविली. कार्ड फार चांगले झाले. आम्ही ते पेटीत कडुनिंबाच्या पाल्यात जपून ठेविले, आणि डिसेंबरात आपण स्वतः घेऊन जाऊ असे ठरविले. पावसाळ्यात ताप येऊन ती प्रभूमध्ये निजली. कार्ड पेटीतच होते.

त्या नाताळात ते आम्ही तिच्या मुलाच्या कोपीवर नेले. आत काय लिहिले आहे ते त्याने दोनदा वाचावयास लाविले. मग विचारले, “हे आईने पाहिले होते काय?” नाही, असे आम्हांस सांगावे लागले. या खेपेस आम्ही विषय बदलला नाही.

तेव्हापासून आमच्या मंडळीत एक नियम आहे. ज्या आठवड्यात एखाद्याचे कार्ड पुरे होते त्याच आठवड्यात, ज्याने ते केले त्याने व उपदेशकाने मिळून त्या घरी जावयाचे. कार्ड पेटीत राहिले तरी चालेल. ते सणाचे आहे. भेट पेटीत ठेवावयाची नाही. आणि मनुष्य आजारी किंवा फार वृद्ध असेल तर कार्डही त्याच दिवशी द्यावयाचे, मग तो जेष्ठ असो की भाद्रपद. कागद डिसेंबरची वाट पाहू शकतो. मनुष्य पाहू शकेलच असे नाही.

म्हणून बंधूंनो, हा लेख वाचून झाल्यावर वही उघडा. पहिले नाव वाचा. या आठवड्याचे काम तेच आहे.

विचार करण्याजोगे प्रश्न

१. रोम. १६ मधील कोणकोणत्या व्यक्तींविषयी पौल एखादी विशेष गोष्ट सांगतो? ती त्याच्या लक्षात का राहिली असावी?

२. आपल्या मंडळीतील कोणते घर गेल्या वर्षभरात कोणी भेटले नाही?

३. या हंगामात आपल्या गावातील कोण कामासाठी बाहेर आहेत? त्यांचा ठावठिकाणा मंडळीतील कोणास ठाऊक आहे?

४. आपल्या घरात व शेतात आज असे काय आहे, ज्यापासून या आठवड्याचे कार्ड करता येईल?